कोयतो बुडवन बघा: प्रयोगशाळेविना रसायनाच्या नोंदी (२०२४-२५)

१८ जून

दारावर ‘प्रयोगशाळा’ ही पाटी अजून आहे. आत पोषण आहाराच्या तांदळाची पोती, मोडकी बाकं आणि मे महिन्यातल्या मतदानाचे पुठ्ठे. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाची किल्ली शिपाईमामांना तिसऱ्या जुडग्यात सापडली.

कपाटात निघालं ते असं: परीक्षानळ्या ११, त्यातल्या ३ तडकलेल्या. चंचुपात्रं २. मोजपात्र १, पण त्यावरच्या रेघा पुसून गेलेल्या, म्हणजे आता तो नुसता उंच पेला. स्पिरिटचा दिवा, वात नाही. लिटमसची पुस्तिका इथल्या दमट हवेनं निळी-तांबडी न राहता सरसकट मातकट झालेली. आणि लेबल गळून गेलेल्या ६ बाटल्या. त्यातल्या एकीचं काचेचं बूच घट्ट बसलंय. मी ते उघडायला गेले नाही. सहाही बाटल्या वरच्या कप्प्यात ठेवल्या आणि ‘उघडू नये, हलवू नये’ अशी चिठ्ठी लावली. यांची रीतसर विल्हेवाट लावायला हवी, असं हेडसरांना सांगितलं. ‘बघू’ म्हणाले.

काचसामानापेक्षा जास्त वेळ आज मागच्या वर्षीच्या प्रयोगवह्या चाळण्यात गेला. मी या शाळेत मागच्या डिसेंबरात आले, त्यामुळे त्या तपासल्या नव्हत्या. सगळ्या वह्यांत एकच वाक्य, एकाच चुकीसकट: ‘खिळयावर तांबूस थर जमा झाला.’ ‘खिळ्यावर’ कुणीही नीट लिहिलेलं नाही. कारण वही एकाची, बाकीच्या तिच्या नकला. खिळा कुणी पाहिलाच नव्हता.

नववीत २३ मुलं, दहावीत १९. या वर्षी एकच नियम: जे दिसलं ते लिहायचं. नाही दिसलं तर जागा कोरी सोडायची. कोऱ्या जागेचे गुण कापणार नाही, नकलेचे कापणार.

२२ जून

सावंतवाडीला जाऊन खरेदी. मेडिकलमधून ५ मिलिच्या बिनसुईच्या सिरिंजा २० आणि हायड्रोजन पेरॉक्साईडची ६ टक्केवाली बाटली. किराण्यातून व्हिनेगर, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, तुरटी. पानपट्टीवरून चुना. कृषी सेवा केंद्रातून पाव किलो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. हार्डवेअरमधून लोखंड घासायचा पॉलिश पेपर आणि ग्राइंडर चालवणारे घालतात ते प्लास्टिकचे चष्मे, ६ नग.

हायड्रोक्लोरिक आम्ल मागितलं तेव्हा दुकानदारानं आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग वही काढली. नाव, पत्ता, कशासाठी हवं, ओळखपत्र. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं आम्लविक्रीवर निर्बंध घातले, तेव्हापासून हे असंच आहे. असायलाच हवं. सही केली, अर्धा लिटर घेतलं, घरी येईपर्यंत पिशवी मांडीवर घेतली नाही, पायाशी उभी धरून ठेवली.

परत येताना आरोग्य केंद्रात गेले. लशीच्या रिकाम्या बाटल्या मिळाल्या तर परीक्षानळ्यांऐवजी चालतील असं मनात होतं. सिस्टरनी स्पष्ट नकार दिला: त्या मोजून परत द्याव्या लागतात, जैववैद्यकीय कचरा आहे तो. त्यांचं बरोबर होतं. मग गावातल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडून साबुदाणा-गोळ्यांच्या नव्या कोऱ्या छोट्या बाटल्या मिळाल्या, ४० नग, फुकट. घरी सासूबाईंची बीपीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आहेतच. त्यांतला एकेक खळगा म्हणजे पाच-सात थेंबांची वाटी.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांमध्ये हाताशी असलेल्या वस्तूंतून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला आणि तीस वर्षं चालला. अरविंद गुप्तांची कचऱ्यातली खेळणी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत मी डी.एड.च्या वर्षी पाहिली होती. तेव्हा गंमत म्हणून पाहिली, आता गरज म्हणून आठवतात.

२८ जून

नववी: आम्ल, आम्लारी व क्षार. दर्शक म्हणून प्रत्येकानं घरून एक रंगीत वस्तू आणायची होती. आलं ते: जास्वंद (८ जणांकडून), हळद, बीट, शेवटची चार जांभळं, कोकमाचं आगळ, आणि सानिकानं कुंपणावरची गोकर्णाची ओंजळभर फुलं.

गोळ्यांच्या पाकिटांत रांगेनं लिंबू, व्हिनेगर, नळाचं पाणी, सोड्याचं पाणी, चुन्याची निवळी. हळद लिंबात पिवळीच, चुन्यात लालभडक. हे सगळ्यांना माहीत असतं, कारण आमटीचा डाग साबणानं लाल होतो. जास्वंद आम्लात गडद गुलाबी, चुन्यात हिरवी. बीटनं निराशा केली: लिंबात लाल, सोड्यातही जवळपास लालच. चुन्यात टाकून तास संपेपर्यंत ठेवलं तेव्हा कुठे पिवळटलं. बिटाचा रंग जास्वंदीच्या कुळातला नाही, त्याचं रसायन वेगळं.

गोकर्णानं मात्र सगळ्यांना गप्प केलं. पाण्यात निळी, लिंबात जांभळट गुलाबी, सोड्यात निळसर हिरवी, निवळीत हिरवीगार. पाच खळगे, चार रंग. आणि दहा मिनिटांनी निवळीतली हिरवी पिवळी पडायला लागली. मुलांनी विचारलं, दोन्ही लिहू का? लिहा, आणि शेजारी घड्याळातली वेळही लिहा.

यापुढे लिटमस विकत आणायचा नाही. पांढऱ्या ड्रॉइंग पेपरच्या पट्ट्या गोकर्णाच्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, झाकणाच्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीबरोबर ठेवल्या. तांदूळ दमटपणा ओढतो, मिठाच्या बरणीत घालतो तसा.

कुंकवाचीही चाचणी झाली. हळदीला चुना लावून झालेला लाल रंग लिंबू पिळताच परत पिवळा झाला. दुकानातल्या कुंकवाच्या डबीवर लिंबू पिळलं तर काही नाही, लालच. यावर मुलींनी घरी जाऊन काय काय सांगितलं असेल, देव जाणे. टाकणखार घातलेलं कुंकूही आम्लात पिवळं होत नाही, त्यामुळे ‘लालच राहिलं म्हणजे भेसळ’ असं लिहायचं नाही, एवढं उद्या सांगायला हवं.

५ जुलै

थेंब मोजायचा तास. एक मिलिमध्ये किती थेंब? उत्तरं: १७, १९, २०, २०, २२, २४. वर्गात भांडण. शेवटी कळलं की ड्रॉपर तिरका धरला की थेंबाचा आकार बदलतो, आणि प्रत्येक ड्रॉपरचं तोंडही वेगळं. ठरलं: ड्रॉपर उभा, एका गटाला एकच ड्रॉपर, त्याच्यावर चिकटपट्टी आणि त्यावर आकडा.

नियम लिहून भिंतीला लावले. चष्मा लावल्याशिवाय चुना आणि आम्लाला हात नाही. पोषण आहाराचं भांडं किंवा चमचा प्रयोगाला घ्यायचा नाही. प्रयोगाचं काहीही चाखायचं नाही, लिंबूसुद्धा. आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही. चुन्याचं कलम मुलांना पटायला वेळ लागला: खायचा चुना डोळ्याला काय करणार? पानाच्या चुन्याची ट्यूब दाबताना फुटून लहान मुलांच्या डोळ्यांत गेल्याच्या घटना डोळ्यांच्या डॉक्टरांना चांगल्या ठाऊक असतात. बुबुळ कायमचं पांढरं होऊ शकतं. हे सांगितल्यावर वर्ग शांत झाला.

१६ जुलै

अतिवृष्टीच्या सुट्ट्यांमुळे मागे पडलो. आज निवळी.

चमचाभर चुना लिटरभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, वरचं स्वच्छ पाणी अलगद ओतून घेतलं. लिटरभर पाण्यात जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, बाकी सगळा तळाला. झाकण घट्ट हवं. मागच्या आठवड्यात उघड्या राहिलेल्या बाटलीत वर साय धरली होती. हवेतल्या कार्बन डायऑक्साईडनं झालेलं ते कॅल्शिअम कार्बोनेट.

फुंकणीसारखी नळी लावून श्वास सोडायचा. नळी तोंडात घेऊन ओढायचं नाही, हे तीनदा बजावलं. चौथ्या-पाचव्या फुंकेला दूध. टाळ्या. दूध झालं की थांबायचं, हा नियम मी करायला विसरले होते. ओंकार फुंकतच राहिला, आणि त्याची बाटली परत स्वच्छ झाली. त्यानं वहीत ‘दूध झाले’ लिहिलं होतं, ते खोडून ‘प्रयोग फसला’ लिहिलं.

फसला नव्हता. कार्बन डायऑक्साईड जास्त झाला की कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं आणि ते विरघळतं. त्याची बाटली पोषण आहाराच्या मावशींच्या शेगडीवर गरम पाण्यात धरली. मावशींनी आधी भांडं कोणतं घेतलंय ते पाहिलं, मगच परवानगी दिली. पाच-सहा मिनिटांनी परत धूसर. ‘आमच्या बंबात बसता ता ह्याच काय?’ असं मावशींनीच विचारलं. हो, तेच.

वहीत आता खोडलेलं वाक्यही वाचता येईल असं एकाच रेघेनं खोडायचं, अशी सूचना दिली.

२४ जुलै

दहावी: विस्थापन अभिक्रिया. तोच तो खिळा.

चमचाभर मोरचूद पाण्यात, निळं द्रावण, ८ बाटल्या. खिळे मुलांनी घरून आणले. दहा मिनिटांनी फिरले तर सहा वह्यांत आधीच लिहिलेलं: ‘तांबूस थर’. बाटलीकडे पाहिलं तर एका गटाचा खिळा काळाकुट्ट. दुसऱ्या गटाचाही काळा. म्हटलं, हे तांबूस आहे? ‘पुस्तकात तांबूस असा.’

फक्त एका मुलीनं लिहिलं होतं: ‘काळा, भुसभुशीत, बोटाला लागतो. पाण्याचा निळा रंग कमी झाला. हिरवट झाला नाही.’

कौलांवरच्या पत्र्याला मारतात ते खिळे होते, म्हणजे जस्ताचा मुलामा. मोरचुदातल्या तांब्याची गाठ आधी जस्ताशी पडते. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील, त्यामुळे अभिक्रिया भराभर होते आणि तांबं बारीक, काळपट भुशासारखं बसतं. पाण्यात झिंक सल्फेट, ते रंगहीन, मग हिरवट होणार कुठून? साधे लोखंडी खिळे पॉलिश पेपरनं घासून टाकले तेव्हा पंधरा मिनिटांत तांबूस. पुढच्या तासाला पाणीही फिकट हिरवट.

चुकीच्या खिळ्यानं क्रियाशीलता श्रेणी (कोणता धातू जास्त क्रियाशील याची क्रमवारी) शिकवली, जी मी पुढच्या महिन्यात फळ्यावर पाठ करून घेणार होते. त्या मुलीच्या वहीतला परिच्छेद वर्गात वाचून दाखवला. बाकीच्या सहा जणांनी आपली ओळ खोडली, एका रेघेनं.

वापरलेलं निळं पाणी मोरीत नाही ओतलं. मोरीचं पाणी खालच्या व्हाळात जातं, आणि मोरचूद माशांना विष. प्लास्टिकच्या डब्यात जमा करून त्यात गंजके खिळे टाकून ठेवलेत, तांबं खाली बसेल.

आणि तास सुटताना मागच्या बाकावरचा एक जण, जो वर्गात फारसा बोलत नाही, दारात थांबून म्हणाला, ‘मॅडम, आमचे बाबा कोयतो बुडवन बघतत. तांबडो झालो काय चुनो कमी पडलो म्हणान समजाचा.’

१ ऑगस्ट

त्याच्याच बागेत गेलो, दहावीचे १७ जण. दोन दिवस उघडीप मिळाल्यामुळे पोफळींवर बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची, दुसरी फवारणी होती. पावसात सुपारीवर कोळेरोग येतो, कोवळी फळं कुजून गळतात. त्यावर इथे सगळेच बोर्डो मारतात.

प्रमाण प्रत्येक मुलाला पाठ आहे, फक्त ते ‘रसायन’ आहे हे ठाऊक नव्हतं: १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. मोरचूद ५० लिटरमध्ये वेगळी, चुना ५० लिटरमध्ये वेगळा, आणि दोन्ही प्लास्टिकच्या पिंपात. लोखंडी किंवा जस्ती बादली चालत नाही. का चालत नाही, याचं उत्तर आठवड्यापूर्वी काळ्या पडलेल्या खिळ्यांनी दिलेलं.

पिंपात दोन्ही एकत्र होताना मी स्वतः पहिल्यांदाच जवळून पाहिलं. पातळ निळं पाणी आणि पातळ पांढरं पाणी, आणि मिसळल्यावर ढवळणाऱ्या काठीला जडपणा येतो. आकाशी रंगाची दह्यासारखी कवडी धरते. मुलाच्या बाबांनी कमरेचा कोयता काढला, पात्याला लागलेला चीक पालापाचोळ्याला पुसला, दगडावर दोनदा ओढून चकचकीत केला आणि पिंपात धरला. मिनिटभर कुणी बोललं नाही. बाहेर काढला तर धारेजवळ हलका तांबूस पट्टा, बोटभर लांब. ‘बघा.’ त्यांनी आणखी दोन ओंजळी चुन्याचं पाणी ओतलं, ढवळलं, कोयता पुन्हा घासून बुडवला. या वेळी पातं जसंच्या तसं.

पहिल्या वेळी मोकळं मोरचूद शिल्लक होतं, ते लोखंडाशी भिडलं. तसंच फवारलं असतं तर कोवळ्या फळांना भाजलं असतं. दुसऱ्या वेळी सगळं चुन्यानं धरून ठेवलेलं. मी आणलेली गोकर्णाची पट्टीही बुडवली: पहिल्यांदा निळीच, नंतर हिरवट. पट्टी आणि कोयता एकच सांगत होते. बाबांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. ‘ह्याच्यापरास कोयतो बरो. पावसात ही भिजतली.’ मान्य.

फांदीला टेकून बसल्या बसल्या मी मिलार्दे यांची गोष्ट सांगितली. १८८२ साली फ्रान्समधल्या बोर्दो भागात या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं, की रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींची पानं टिकलीत आणि आतल्या वेलींना केवडा लागलाय. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून मळेवाले कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत होते. दिसायला घाण, चवीला कडू. त्यातून १८८५ साली हे मिश्रण जगापुढे आलं. पोफळीवर ते आलं १९१० च्या सुमारास, म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांच्या कोळेरोगावरच्या कामातून. चोरांसाठी शिंपडलं होतं, हे मुलांना फारच आवडलं. आंब्याच्या दिवसांत काय काय शिंपडता येईल याची चर्चा परतीच्या वाटभर.

वहीत या प्रयोगाचं नाव सगळ्यांनी ‘कोयत्याची परीक्षा’ असं लिहिलंय. मी बदललं नाही.

२१ ऑगस्ट

टॉर्चचे संपलेले लाल सेल गोळा केले. फक्त साधे, जस्त-कार्बनवाले. अल्कलाईन आणि मोबाईलची बॅटरी याला हातही लावायचा नाही, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात. हातमोजे घालून मी एकटीनं पक्कडनं फोडले.

एका सेलमध्ये तीन वस्तू निघतात. जस्ताचं भांडं, कात्रीनं कापून आम्लात टाकलं की हायड्रोजन. मधली कार्बनची काडी, विद्युत अपघटनाला, म्हणजे विजेनं पदार्थाचे घटक वेगळे करायला. आणि काळा लगदा, त्यात मॅंगनीज डायऑक्साईड. लगदा धुऊन गाळून वाळवला. चिमूटभर पेरॉक्साईडमध्ये टाकला की भसाभस फेस. विझत आलेली उदबत्ती वर धरली, पेटली. परत विझवली, परत पेटली. एका बाटलीत सात वेळा.

लगदा संपला का? परत गाळून वाळवून उद्या वापरा, मग बघू. दुसऱ्या दिवशी तोच लगदा, तसाच फेस. ‘उत्प्रेरक’ हा शब्द फळ्यावर त्यानंतर लिहिला. कच्च्या बटाट्याच्या फोडीनंही फेस येतो हे सानिकाचं संशोधन, तिनं घरी करून पाहिलं होतं.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन, दहावीनं वर्ग घेतले. नववीला रसायन शिकवणाऱ्या मुलीनं ‘जे दिसलं ते लिहा’ असं माझ्याच आवाजात सांगितलं, वर्ग हसून लोळला. परवा गणपती. आता दहा दिवस कुणी शाळेचं नाव काढणार नाही, मीसुद्धा.

२५ सप्टेंबर

आज चूक माझी.

पाण्याचं विद्युत अपघटन. दह्याच्या प्लास्टिकच्या डब्याच्या तळाला दोन भोकं, त्यांत कार्बनच्या काड्या, एम-सीलनं बंद. वरून पाण्यानं भरलेल्या दोन सिरिंजा उलट्या. ९ व्होल्टची बॅटरी. नुसत्या पाण्यातून प्रवाह जाईना म्हणून मी सवयीनं चमचाभर मीठ टाकलं. बुडबुडे सुरू झाले, मुलं खूश. दहा मिनिटांत ऋणाग्रावर (बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या काडीवर) ४ मिलि वायू, धनाग्रावर अर्धा मिलिही नाही. पुस्तकात हायड्रोजन दोन, ऑक्सिजन एक.

मी कारण शोधत उभी होते आणि ओंकार म्हणाला, ‘मॅडम, ह्यो तर टीसीएलचो वास!’

ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. बरोबर ओळखलं त्यानं. मिठाच्या पाण्यातून धनाग्रावर ऑक्सिजन नाही, मुख्यतः क्लोरीन येतो, आणि तो पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो म्हणून सिरिंज रिकामी. बॅटरी काढली, खिडक्या उघड्याच होत्या, डबा व्हरांड्यात नेला, मुलांना मैदानात. प्रमाण अगदी थोडं होतं, कुणाला खोकलासुद्धा आला नाही. पण बंद खोलीत आणि मोठ्या बॅटरीवर हे केलं असतं तर?

यावरून दुसरं लक्षात आलं. टीसीएलचा डबा शाळेच्या टाकीसाठी त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलेला होता, आणि वरच्या कप्प्यात माझं हायड्रोक्लोरिक आम्ल. एकावर दुसरं सांडलं तर हाच वायू, पण भरपूर. आजच्या आज टीसीएल पाण्याच्या टाकीजवळच्या खोलीत हलवलं.

२७ सप्टेंबर

तेच, मिठाऐवजी धुण्याचा सोडा. वास नाही. पण कार्बनच्या धनाग्राखाली काळी भुकटी पडायला लागली आणि वायूचं प्रमाण ४.६ ला १.५. काडी स्वतःच झिजतेय, ऑक्सिजनचा काही भाग तिलाच खातोय. मग काड्यांऐवजी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. आता ४.८ ला २.२.

वर्गात मतभेद: २ आहे की नाही? एकानं ‘४.८ : २.४’ लिहिलं होतं. विचारलं, २.४ कुठे दिसले? म्हणाला, ‘जवळ होतं म्हणून.’ बाकीच्यांनीच त्याला खोडायला लावलं. ऑक्सिजन पाण्यात हायड्रोजनपेक्षा थोडा जास्त विरघळतो, शिवाय सिरिंजवरच्या रेघा ०.२ मिलिच्या. २.२ हेच लिहा.

ऋणाग्रावरच्या सिरिंजमधला हायड्रोजन साबणाच्या फेसात सोडून फेसाला लांब काडीनं पेटती काडी लावली: पट्. तीन वेळा लावावी लागली, कारण काड्या सादळलेल्या.

१५ ऑक्टोबर

सत्र परीक्षा. आचारसंहिता लागली. मतदान २० नोव्हेंबरला, त्याआधी प्रशिक्षणं. प्रयोग बंद. गोकर्णाच्या पट्ट्या अजून निळ्या आहेत.

२८ नोव्हेंबर

मतदान पेटीपासून परत रसायनाकडे. अपघटन अभिक्रिया: चुनखडी तापवायची. शेगडीवर हे होत नाही, ८०० अंशांच्या वर तापमान लागतं. लोहाराच्या भट्टीवर होतं. किनाऱ्यावर पूर्वी शिंपल्यांचा चुना भाजायच्या भट्ट्या असायच्या, म्हातारी माणसं सांगतात.

मुलांनी खाल्लेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन आणल्या. सोनाराच्या काट्यावर २० ग्रॅम. लोहारमामा कोयत्यांना धार लावत होते, त्यांनी निखाऱ्यात एका पत्र्यावर शिंपल्या ठेवल्या आणि तासभर भाता चालू ठेवला. शिंपल्या लाल झाल्या, मग बाहेर काढल्यावर खडूसारख्या पांढऱ्या, बोटांनी नव्हे, चिमट्यानं दाबल्या तरी चुरणाऱ्या. वजन १२.१ ग्रॅम.

हिशोबानं २० ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेटचा ११.२ ग्रॅम कळीचा चुना व्हायला हवा. ०.९ जास्त का? एक शिंपली फोडली, तर जाड भाग आतून अजून राखाडी. पूर्ण भाजलीच नव्हती. हे मुलांनी स्वतः शोधलं, मी फक्त चिमटा दिला.

अंगणात मातीच्या पणतीत दोन तुकडे, चष्मे लावून सगळे पाच पावलं मागे, वरून थोडं पाणी. पंधरा-वीस सेकंद काहीच नाही. कुणीतरी ‘फसला’ म्हणायला तोंड उघडलं आणि तुकड्यानं आवाज केला, तडा गेला, वाफ निघाली, आणि पापड फुलावा तसा फुलून तो पिठासारखा पसरला. पणती हात लावू देईना. लोहारमामा म्हणाले, ‘आता पानाक लावा.’ नको म्हटलं.

१२ डिसेंबर

नववीचं थेंब-मापन परत, आता खऱ्या कामासाठी. कोण जास्त आंबट? प्रत्येक वस्तू दहापट पातळ करायची, तिचे १० थेंब, एक थेंब गोकर्ण, आणि निवळी थेंबाथेंबानं, हिरवी छटा येईपर्यंत. लिंबू १८, १९, २०. व्हिनेगर १४, १५, १५. ताक पातळ न करता १३. आगळाला गोकर्णाची गरज नाही, ते स्वतःच दर्शक: लाल, मग जांभळट, मग शेवाळी. पण ते कुठे थांबायचं यावर एकमत होईना. घरचं आगळ एकीचं ११, दुसरीचं १६. ‘तुझ्या आयेन पाणी घातला’ यावरून दोघी दोन दिवस बोलत नव्हत्या.

९ जानेवारी

तपासणी. प्रयोगशाळेच्या साहित्याची नोंदवही मागितली. मी गोळ्यांची पाकिटं, सेलचा लगदा, सिरिंजा, पट्ट्या दाखवल्या. ‘हे साहित्य नव्हे, साहित्य म्हणजे यादीप्रमाणे.’ यादीप्रमाणे परीक्षानळ्या ८ लिहिल्या. प्रयोगवह्या पाहिल्या तेव्हा खाडाखोड का, असं विचारलं. एका मुलानं उत्तर दिलं की खोडलेलं पण वाचायचं असतं. पुढे काही बोलणं झालं नाही.

६ फेब्रुवारी

दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा. विस्थापन ज्यांना आलं त्यांना खिळे मीच दिले, दोन प्रकारचे, न सांगता. चारपैकी तिघांनी आधी खिळा घासून पाहिला. एकानं सरळ लिहिलं: ‘निरीक्षण: काळा थर. खिळ्यावर जस्त आहे असे वाटते, घासून खात्री केली.’ चौथ्यानं तांबूस लिहिलं, आणि त्याचा खिळा खरंच साधा होता.

शिल्लक: सिरिंजा १४, चष्मे ५ (एक बागेत राहिला), पेरॉक्साईड संपलं, मोरचूद १६० ग्रॅम, आम्ल पाव लिटर. वापरलेल्या मोरचुदाच्या डब्यातलं पाणी आता निळं नाही, फिकट पिवळट, तळाला अंगठाभर तपकिरी गाळ. तो गाळून वाळवायचाय. लेबल नसलेल्या ६ बाटल्या अजून वरच्या कप्प्यात, चिठ्ठी नवीन लावली. सिरिंजांची पुढची खरेदी एप्रिलमध्ये, कोकमं उतरायच्या आधी.